कारण : भित्रेपणा

मन्मथअप्पांना आमच्या नाट्यमंडळाच्या प्रमुखपदावरून काढण्याचा ठराव मी लिहिला. 'कारण' असं लिहून पुढं दोन टिंबं दिली आणि 'भित्रेपणा' एवढा एकच शब्द लिहिला. अक्षर वळणदार होतं. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळं अक्षराचा मला अभिमान होता. त्या ठरावात अभिमान धरण्यासारखं तेवढंच होतं, हे कळायला मला सोळा वर्षं लागली.

आता गंमत अशी की कारण खोटं नव्हतं. अप्पा भित्रेच होते. सेलूत त्यांच्याइतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रस्त्यानं चालताना ते भिंतीच्या कडेनं चालत. हॉटेलात बसले तर दाराकडं तोंड करून, आणि स्टोव्हपासून लांब. घराला तीन कुलपं. खिशात दोन बॅटऱ्या, एक बिघडली तर दुसरी. कुणी दार वाजवलं तर ते वीतभर उघडायचं, बाहेरच्याच्या खांद्यावरून मागं बघायचं आणि विचारायचं, "सोबत कोण हाय?" मी त्यांच्याकडं शंभर वेळा एकटाच गेलो असेन, आणि शंभर वेळा मला हाच प्रश्न. एकदा वैतागून मी म्हणालो, "अप्पा, सोबत माझी सावली आहे."

"तिला बी आत घ्या," अप्पा म्हणाले. "दारात ठिऊ नका."

कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी आली की बोंडातला पुंजका चिमटीत धरायचे, दोन्ही अंगठ्यांनी हळूच ओढायचे, तुटलेला धागा कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून बघायचे आणि प्रत सांगायचे. वजन वाढवायला कुणी कापसावर पाणी मारून आणलेलं असलं, तर ते हात लावायच्या आधीच त्यांना कळायचं. दिवसभर कापसात राहिलेल्या माणसाला आगीची भीती असणारच. एक विडी, एक ठिणगी, आणि सगळी जिनिंग गेली. पण अप्पांची भीती नोकरीच्या वेळेत मावत नव्हती. ती ते नाटकात घेऊन यायचे.

आमचं मंडळ म्हणजे 'हंगाम नाट्यमंडळ'. नाव हंगाम, पण कापसाच्या हंगामात ते बंद, कारण आमचं थिएटर म्हणजे एका शेटजींच्या जिनिंगमधली पत्र्याची शेड. दसऱ्यानंतर तिच्यात कापूस असायचा आणि पावसाळ्यात आम्ही. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली. नफा हा शब्द आमच्या घटनेत नव्हता, अनुभवातही नव्हता. शेटजी आमचे आश्रयदाते, पण मंडळाचा प्रमुख मात्र प्रॉम्प्टर. ही रीत आमच्याशिवाय कुठं असेल असं मला वाटत नाही. पहिल्या नाटकाच्या वेळी सगळ्यांनाच रंगमंचावर जायचं होतं, विंगेत वही घेऊन बसायला कुणी तयार होईना. शेवटी अप्पा बसले. त्यांना लोकांसमोर जायची भीती वाटायची. मग समजूत म्हणून त्यांना प्रमुख केलं, आणि पुढं तोच नियम झाला. ज्याच्या हातात वही, त्याचं मंडळ.

वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, लाल फडक्यात बांधलेली. अप्पा ती मांडीवर घेऊन विंगेत बसायचे आणि कुजबुजायचे. त्यांची कुजबूज हा एक चमत्कार होता. बरोबर विसरलेल्या नटाच्या कानापर्यंत यायची, त्याच्या पुढं वीतभरही जायची नाही. मी मंडळाचा नायक. पाठांतर कच्चं, आवाज मोठा. पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत मी अप्पांचंच बोललेलं मोठ्यानं बोलायचो आणि टाळ्या घ्यायचो. हे व्याकरणाच्या तासाला मुलांना कळू नये एवढीच माझी इच्छा असायची.

प्रयोगाआधी अप्पांची तीन कामं ठरलेली. वाळूच्या बादल्या मोजायच्या. प्रल्हादच्या मडक्यांना नमस्कार करून लांब उभं राहायचं. आणि शेडच्या मागच्या लहान दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं.

प्रल्हाद आमचा दिवेवाला. जिनिंगच्या मोटारी तोच बांधायचा. महागडे डिमर आम्हाला कुठले परवडायला, म्हणून तो मिठाच्या पाण्यानं भरलेल्या मातीच्या मडक्यांत तारा सोडून उजेड कमी-जास्त करायचा. मडक्यातून बुडबुडे यायचे, वर रंगमंचावर संध्याकाळ व्हायची. अप्पा त्याला म्हणायचे, "प्रल्हाद, तुला शॉक बसला तर मी कौसाला काय तोंड दावू?" कौसा ही प्रल्हादची बायको. आणि मागचं दार होतं रुईच्या गाठी रेल्वेच्या मालधक्क्याकडं काढायला केलेलं. नाटकाच्या वेळी त्या दाराचं काहीच काम नसायचं. आम्ही अप्पांची चेष्टा करायचो. ते तेल घालत राहायचे.

"शिरायला कुटूनबी शिरता येतंय, सर," एकदा ते मला म्हणाले. "निगायचं कुटून, ते बगून ठिवावं."

त्यांच्या भीतीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तिसऱ्याच गोष्टीच्या ओघात. रझाकारांच्या दिवसांत, ओठावर मिसरूड फुटायच्या वयात, घरच्यांनी त्यांना धान्याच्या बळदात उतरवलं आणि वर झाकण घातलं. दोन दिवस ते आत होते. "बाहेरच्यांचं भ्या नव्हतं वाटत," ते म्हणाले. "माजाच खोकला ईल का, ह्याचं वाटत व्हतं." मी तेव्हा मान हलवली. मनात मात्र विचार करत होतो की ही बसकण, हा आवाज, रंगमंचावर कसा वापरता येईल. नट म्हणजे असाच नालायक असतो.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात आम्ही राज्य नाट्यस्पर्धेसाठी एक नाटक बसवत होतो. आमच्याच एका सभासदानं लिहिलेलं, दोन भावांच्या विहिरीवरच्या भांडणाचं. मी थोरला भाऊ. तिसऱ्या अंकात मी हमसून रडतो असा प्रवेश होता. तालमी सुरू झाल्या आणि तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. दोनच दिवसांत सगळा मराठवाडा बदलला. खेड्यांकडून येणाऱ्या एसटी बंद. सकाळी उठून गच्चीवर गेलं की कुठल्या दिशेला धूर आहे ते दिसायचं, आणि त्या दिशेला कुणाची वस्ती आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. लोक हळू बोलायला लागले. कालपर्यंत ज्याच्या दुकानात बसून चहा प्यायलो, तो माणूस काल संध्याकाळी कुठं होता, हे विचारायची सोय राहिली नाही. नामांतराबद्दल माझं मत काय, असं कुणी विचारलं तर समोर कोण आहे ते बघून मी उत्तर द्यायचो. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण या गोष्टीत माझी जागा कुठली, ते तुम्हाला कळलेलं बरं.

अप्पांनी निरोप दिला : तालमी बंद. मला ते पटलं. तीन दिवस मी घरात आरशासमोर रडायचा सराव केला.

आता पुढचं मला सोळा वर्षांनी कळलेलं आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच अप्पांवर चिडाल. प्रल्हादचं घर सेलूपासून दीड कोसावरच्या एका खेड्याच्या कडेला होतं. त्या वस्तीला आग लागली तेव्हा तो, कौसा, म्हातारी आई, भाऊ-भावजय, एक चार वर्षांची पोर आणि एक सहा महिन्यांचं तान्हं, अशी सात माणसं उसाच्या फडातून, नाल्यातून पहाटे शेडच्या मागच्या दाराशी आली. त्यांनी दार वाजवलंच नाही, नुसतं ढकललं. दाराचा आवाज झाला नाही. जाळपोळीच्या भीतीनं शेडमध्येच झोपणाऱ्या अप्पांनी त्यांना आत घेतलं आणि बाहेरून पुढच्या दाराला कुलूप न लावता आतून कडी लावून स्वतः बसले. कुलूप दिसलं तर कुणी तोडून बघेल, असा त्यांचा हिशोब. पण आत माणसं म्हणजे आवाज. म्हातारीला दमा होता. तान्ह्याला आईचं दूध पुरेना. पत्र्याच्या शेडमध्ये सुई पडली तरी रस्त्यावर ऐकू जायचं.

मग त्या माणसानं, ज्याचा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता, वही उघडली आणि मोठ्यानं नाटक वाचायला सुरुवात केली. दोन्ही भावांचं, बायकांचं, पाटलाचं, सगळ्यांचं. सकाळी वाचायचे, दुपारी वाचायचे, दिवेलागणीला वाचायचे. रस्त्यानं जाणारे म्हणायचे, "तालीम चाललीय वाटतं." काही म्हणायचे, "अप्पाला आवाज बी हाय व्हय?"

चौथ्या दिवशी हे माझ्या कानावर आलं. तालमी बंद असं मला सांगून अप्पा चोरून तालीम घेतात. मी, मंडळाचा नायक, घरात. माझ्या अंगाची लाही झाली. गावात माणसं मरत होती आणि माझा अपमान झाला होता.

दुपारी तीन-साडेतीनला मी हॉटेलात गेलो. बाकावर चौघं बसले होते. त्यांच्यातल्या दोघांना मी शिकवलं होतं. चौघांचेही डोळे तांबारलेले, पायाला चिखल. त्यातला एक, ज्याला सगळे नाना म्हणायचे, त्यानं मला हळूच विचारलं, "सर, तुमच्या शेडात कोन हाय? काल फटीतून उजेड दिसला."

"कोण असणार?" मी म्हणालो. "अप्पा. माझ्याशिवाय तालीम करतोय चोरासारखा. तुम्हाला बघायचंय? चला, दाखवतो."

असं मी त्यांना घेऊन निघालो. पुढं मी, मागं चौघं. आभाळ भरून आलं होतं, रस्त्यावर एक माणूस नाही. एकाच्या हातात काठी होती. सापाकिरडासाठी असेल असं मला वाटलं.

शेडपाशी आलो तर आतून अप्पांचा आवाज. खरंच मोठा आवाज. माझेच संवाद, आणि माझ्यापेक्षा बरे. मी दार बडवलं. वाचन थांबलं नाही. वाक्य पुरं झालं, मग थांबलं. कडी निघाली. दार वीतभर उघडलं. अप्पांचा चेहरा पांढरा फटक, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं बघितलं.

"सोबत कोण हाय?"

"साक्षीदार," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी आत मूल रडलं.

मी आजही झोपेतून कधी दचकून उठतो ते त्या रडण्यानं नाही, त्यानंतरच्या शांततेनं. काठीवाल्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"लेकरू कुनाचं हाय, अप्पा?" नानानं विचारलं.

अप्पांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. प्रॉम्प्टरला प्रॉम्प्ट करायला तिथं कुणी नव्हतं. आणि मग मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललो.

"तेच मी विचारतोय," मी म्हणालो. "नाटकात मूल नाहीच. मला सगळी संहिता पाठ आहे. आख्ख्या नाटकात कुठंही मूल नाही."

सात माणसांचा जीव त्या वेळी माझ्या जिभेवर होता, आणि मी त्यांना संहितेचा पुरावा देत होतो.

अप्पा बाहेर आले. दार मागं ओढलं, बाहेरची साखळी घातली, आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. उघड्यावर, दाराला पाठ लावून त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांचे गुडघे धोतरात लटलट कापत होते, मला स्पष्ट दिसत होते. मला बघून कापतायत, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

"मूल म्या घातलं," अप्पा म्हणाले. "भाचीचं हाय, तालमीला आनलंय. कामून घातलं, सांगू? तुला रडता येत न्हाई म्हनून."

आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हैना झाला तुला रड म्हनायलोय. तू रडायला लागला की मानसं हसायलीत. सा म्हैन्याचं लेकरू तुज्यापरीस बरं रडतंय. तुजा अभिनय म्हंजे पानी मारलेला कापूस हाय. वजन भरतंय, धागा न्हाई. तुजं काम काडून घेतलंय, जा."

"कुणाला दिलंय?" मी किंचाळलो.

"कुनालाबी. त्या पोराच्या आजीला देतो. ती बी बरी करंल."

आता तिघं मोठ्यानं हसत होते. एकानं माझी रंगमंचावरची चाल करून दाखवली. मी शिकवलेलाच तो. नाना मात्र हसत नव्हता. त्याची नजर साखळीवर होती.

"बगू द्या की आमाला बी तालीम," तो म्हणाला.

"बगा की," अप्पा म्हणाले. "पर ह्याला आदी घिऊन जावा हितून. ह्यो समोर असला तर माज्या तोंडातून शबूद फुटत न्हाई. ह्याला घालवून या, मग बसा चौघं. येताना शेंगा आना."

यावर मी काय केलं? मी नट होतो. तरातरा चालता झालो, आणि जाताना नानाचा दंड धरला. "चल," मी म्हणालो, "या माणसानं आजपर्यंत माझं काय काय केलंय ते तुला सांगतो." हॉटेलात मी चौघांना भजी आणि चहा सांगितला आणि पहिल्या नाटकापासून माझ्यावर झालेला अन्याय ऐकवायला घेतला. नाना दोनदा उठला. मी त्याला दोनदा खाली बसवलं. माझी गोष्ट पुरी ऐकल्याशिवाय मी कुणालाही कधी सोडलं नाही. पुढं पाऊस आला. ते शेडकडं गेले तेव्हा दीड-दोन तास होऊन गेले होते. शेडचं दार सताड उघडं होतं, अप्पा एकटेच कंदिलापाशी बसून पाटलाचं भाषण वाचत होते. चौघांनी शेंगा खाल्ल्या, थोडा वेळ बसले, जांभया दिल्या आणि गेले.

मधल्या वेळात मागच्या दारानं, मालधक्क्यावरून, सातही जण उशिरा धावणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढले होते. उतरले चुडाव्याला, अप्पांच्या बहिणीकडं.

हे मला माहीत असतं तर... असं लिहायचा मोह होतो. पण माहीत असतं तर मी ते कुणाला तरी सांगितलं असतं, एवढं मला स्वतःबद्दल माहीत आहे.

पंधरा-वीस दिवसांनी गाव वरवर शांत झालं आणि मी ठराव लिहिला. माझ्या पाठीमागं आणखी दोन माणसं होती. एक, औरंगाबादहून येणारा नाटकांचा ठेकेदार. मुंबईच्या व्यावसायिक कंपन्यांचे दौरे तो लावायचा. त्याला आमच्या धर्मादाय संस्थेचं नाव हवं होतं, कारण त्या नावावर परवानग्या सोप्या आणि करात सूट. अप्पांनी त्याला दोनदा परत पाठवलं होतं. "आपलं नाव दुसऱ्याच्या हातात दिलं की आपुन कुटं असतो, ते आपल्याला कळत न्हाई," असं काहीतरी ते म्हणाले होते. दुसरे आमचे शेटजी. त्यांना मुंबईच्या नटांबरोबर पहिल्या रांगेत फोटो हवा होता, आणि शेडमध्ये तीन-चार दिवस कोण होतं अशी कुणकुण त्यांच्याही कानावर गेलेली असावी. सभेत ते म्हणाले, "अप्पा भला मानूस हाय, पर जिम्मेदारीच्या जागेला हौसला लागतो."

अकरा सभासद. नऊ हात वर. प्रल्हाद सभासद होता, पण तो अजून चुडाव्याहून आलेला नव्हता, आणि तो कुठं आहे हे कुणी विचारत नव्हतं.

अप्पांना बाजू मांडायला सांगितलं. खरं सांगून एका वाक्यात त्यांनी मला जमिनीत गाडलं असतं. पण खरं सांगणं म्हणजे भर सभेत प्रल्हादचं नाव घेणं, आणि त्या सभेत शेंगा खाल्लेल्यांपैकी एक बसला होता. अप्पांनी चष्मा लावून ठराव वाचला. माझ्या टिंबांवर त्यांची नजर जरा थांबली.

"कारन बराबर हाय," ते म्हणाले. "दस्तखत कुटं करू?"

मग त्यांनी लाल फडक्यातली वही माझ्या हातात दिली. "कवा तरी उगडून बगा, सर," म्हणाले. पुन्हा 'सर' आणि 'तुमी' सुरू झालं होतं. मी वही कपाटात टाकली. मी प्रमुख झालो होतो. प्रॉम्प्टरनं प्रमुख असावं ही खुळचट रीत मोडायची होती. नाट्यस्पर्धेला त्या वर्षी आम्ही गेलो नाही. पुढंही कधी गेलो नाही.

माझ्या कारकिर्दीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच होती. मुंबईची नाटकं आली. आमचे नट खुर्च्या लावायला आणि मी पाहुण्या नायकाला बिनतिखटाचं मटण पुरवायला. त्यांचे दिवे त्यांचे, प्रॉम्प्टर त्यांचा, पडदासुद्धा त्यांचा. एकदा हंगामात, शेडच्या अर्ध्या भागात कापूस असताना, ठेकेदारानं प्रयोग लावला आणि मी सही केली. त्या दिवशी न बोलावता अप्पा आले, वाळूच्या बादलीजवळ उभे राहिले आणि पडदा पडेपर्यंत हलले नाहीत. मी त्यांच्याकडं बघून हसलो होतो. दोनेक वर्षांत ठेकेदारानं शेटजींशी परस्पर बोलणं सुरू केलं. मला कुणी ठराव करून काढलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं. मग घरोघर टीव्ही आले, ठेकेदारही यायचा थांबला. मंडळाचं नाव कागदावर राहिलं. अप्पा निवृत्त होऊन चुडाव्याला गेले. प्रल्हादनं पाथरीला मोटार बांधायचं दुकान टाकलं होतं. मी दिसलो की तो नमस्कार करायचा आणि कामाला लागायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली, आणि सेलूवर पुन्हा तीच जुनी शांतता पसरली. दुकानांची फळकुटं लागली. शाळेला सुट्टी. मी पुन्हा गच्चीवर जाऊन धूर कुठं दिसतो ते बघायला लागलो. घरात बसून करायचं काय, म्हणून कपाट आवरायला घेतलं आणि लाल फडकं हाताला लागलं.

वहीच्या समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. आधी मला त्या दिग्दर्शनाच्या खुणा वाटल्या. 'लेकरू उठतंय. हितून मोठ्यानं.' पुढच्या पानावर, 'बाहेर पावलं. थांबू नये.' मग, 'म्हातारीचा खोकला. भांडणाचा प्रवेश पुन्यांदा.' 'पानी संपलं.' 'पोरीला ताप. हळू रडती. गुणाची हाय.' एका पानावर फक्त, 'मला लय भ्या वाटायलंय.' तिसऱ्या अंकात, माझ्या रडण्याच्या प्रवेशाशेजारी, शेवटची नोंद होती : 'सर आले. सोबत चार.'

त्यानंतर सगळे समास कोरे.

बायकोनं दोनदा जेवायला बोलावलं. मी आयुष्यभर ज्या प्रवेशासाठी आरशासमोर खपलो, तो त्या दुपारी जमला, आणि बघायला कुणी नव्हतं.

गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी मी चुडाव्याला गेलो. स्टेशनापासून घर जवळच. दार वाजवलं. आत कुणीतरी बोलत होतं, ते एकदम थांबलं. कडी निघाली. दार वीतभर उघडलं. अप्पा वाळून काटकी झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मला ओळखलं, पण माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सोबत कोण हाय?"

मला सावलीचा विनोद आठवला. तो करायची हिंमत झाली नाही.

"कुणी नाही, अप्पा. एकटाच आहे."

त्यांनी आणखी जरा वेळ रस्ता बघितला. मग दार उघडलं, मला आत घेतलं, आणि कडी लावून ती दोनदा ओढून पाहिली. आत प्रल्हाद आणि कौसाबाई बसले होते. घोषणा झाली त्याच दिवशी अप्पांचा निरोप त्यांना पाथरीला मिळाला होता : लवकर या. प्रल्हादला स्वतःला इतकं भिण्यासारखं या खेपेला वाटलं नव्हतं. "पर आलो," प्रल्हाद म्हणाला. "आमी न्हाई आलो तर अप्पाच भिऊन मरत्याल. चार दिस झाले, झोपले न्हाईत."

मी वही अप्पांच्या मांडीवर ठेवली. ते फडक्यावरून हात फिरवत राहिले, उघडली नाही. कौसाबाईंनी मला त्या चार दिवसांचं सगळं सांगितलं, वर मी लिहिलंय तेच. सांगताना त्यांचा आवाज कुठं चढला नाही. मी माफी मागितली. प्रल्हाद म्हणाला, "जाऊ द्या सर." कौसाबाईंनी उठून चहा ठेवला. अप्पा आपली खाट जरा मागं सरकवून घेत होते, चुलीपासून लांब, दाराकडं तोंड करून. त्यांची माझी ही शेवटचीच भेट. त्या उन्हाळ्यात ते गेले.

चहा पिताना माझ्यातला नट पुन्हा जागा झाला. एवढं सगळं ऐकूनही माझ्या मनात एक हिशोब चालू होता. अप्पा त्या दिवशी जे बोलले ते त्या चौघांना हसवून वळवायला बोलले. म्हणजे सोळा वर्षं जो काटा मी बाळगला, तो काटा नव्हताच. मी जरा पुढं सरकलो.

"अप्पा," मी म्हणालो, "ते दारातलं बोलणं, माझ्या अभिनयाबद्दलचं, ते त्या लोकांना घालवायलाच ना?"

अप्पांनी दाराकडं बघितलं. मग चुलीजवळच्या वाळूच्या बादलीकडं बघितलं. प्रल्हाद बशीत फुंकर घालायला लागला.

कौसाबाईंनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

"त्या दिशी अप्पा समदं खोटं बोलले, सर," त्या म्हणाल्या. "भाचीचं लेकरू म्हनले, ते खोटं. आजीला काम देतो म्हनले, ते बी खोटं. तेवढं पानी मारलेल्या कापसाचं खरं व्हतं."